सायकलीवरील बिऱ्हाड

सायकलीवर सामान कसें बांधावें हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु मुक्कामाचें सारें बिऱ्हाड बरोबर घेऊन दूरचा पल्ला गांठावयाचा असला, म्हणजे त्याचें महत्त्व कळून येतें. या बाबतींतला एक जुना प्रयोग आज आपणांस सांगावयाचा आहे.

१४ जून १८९७ रोजीं अमेरिकेंतील मोंटाना राज्यांतून पंचविसाव्या पायदळ पलटणीचे वीस कृष्णवर्णी शिपाई सायकलींवरून सेंट लुईसकडे निघाले. सायकल सैन्याच्या कितपत उपयोगी पडते, हें त्यांचे गौरवर्णी अधिकारी लेफ्टनंट जेम्स मॉस यांस पाहावयाचें होतें.

सायकलीचें वजन सुमारें ३२ पौंड. सामानासह तें ५९ पौंडांच्या घरांत जाई. घोंगडी व तंबूचें कापड यांची वळकटी पुढें हॅंडलला बांधलेली असे, आणि शिधा चौकटीच्या पोकळींत बसविलेल्या पेटींत राही. कारण जड वस्तु मध्यभागीं असली म्हणजे तोल ढळत नाहीं. प्रत्येकाजवळ तंबूचा अर्धाच भाग असे. रात्रीं दोघांनीं आपापले भाग जोडले कीं दोघांनाही निवारा मिळे. पुढील शिधा वाटेंतील ठाण्यांवर आधींच पाठविला असल्यामुळें सारा बोजा वाहावा लागत नसे.

तरीही मार्ग सोपा नव्हता. चिखलानें चाकें अडत, नेब्रास्कांतील वाळूंतून सायकली ढकलाव्या लागत, आणि खारट पाण्यानें माणसें आजारी पडत. असें असूनही सुमारें १९०० मैल तुडवून २४ जुलैला ते सेंट लुईसला पोहोंचले. पुढच्याच वर्षीं पलटण क्यूबाच्या युद्धावर गेली, आणि तो प्रयोग तेथेंच संपला.

त्या वीसांत मिंगो सॅंडर्स नांवाचा जुना सैनिक होता. १९०६ सालीं टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथें गोळीबार झाला. त्याचा आळ याच पलटणीवर येऊन, चौकशीचा खटला न चालवितां, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं १६७ जणांस नोकरींतून काढलें. सव्वीस वर्षें चाकरी केलेल्या सॅंडर्सचें पेन्शनही बुडालें. सरकारनें तो कलंक पुसला १९७२ सालीं. सॅंडर्स १९२९ मध्येंच वारला होता.

आजही सायकलीवरून मुक्कामाला निघणारे प्रवासी वळकटी पुढें व जड सामान चौकटींत असेंच बांधतात. तसें बांधतांना या वीसजणांचें स्मरण व्हावें, एवढेंच सांगणें.