हलालखोर पट्टी

मुंबईच्या जुन्या घरांच्या मागे, दोन इमारतींच्या मधे, अरुंद बोळ असायचा. घरगल्ली. टोपलीचे संडास त्या गल्लीत उघडायचे. मैला उचलणारा मागूनच यायचा, टोपली डोक्यावर घ्यायचा, मागूनच जायचा. सरकारदप्तरी त्याचं नाव हलालखोर, म्हणजे हलालाचं खाणारा. ऐन-इ-अकबरी सांगते की हे नाव अकबर बादशहानं दिलं. नाव गोड दिलं, टोपली तशीच ठेवली. ही गोड नावं द्यायची खोड पुढंही आपल्याला भेटलीच.

१८८८ च्या म्युनिसिपल कायद्यात घरपट्टीसोबत हलालखोर पट्टी होती. म्हणजे संडाससफाई हा घरमालकाच्या पट्टीचा हिशोब. ज्याचं घरच कागदावर नाही, तो हिशोबाबाहेर.

१८८९ साली ह्या हलालखोरांनी संप केला. बाबासाहेब जन्मायच्या दोन वर्षं आधी! आपल्या सभांत ही गोष्ट कुणी सांगत नाही. का? ते बहुतेक गुजरात-काठेवाडाकडून आलेले भंगी, अन् रस्ते झाडणाऱ्या बिगाऱ्यांत आपले महार. मालक एकच, पण आपणही त्यांच्या हातचं पाणी प्यायलो नाही. खरं आहे ते लिहिलंच पाहिजे.

संपामागोमाग १८९० चा म्युनिसिपल नोकरांचा कायदा आला. आगाऊ नोटीस न देता काम सोडलं तर तुरुंग! गिरणीत खाडा पडला तर पगार कापायचे, बदली घ्यायचे. इथं खाडा म्हणजे गुन्हा. शहर स्वच्छ ठेवायचा नियम लिहिला तो असा टोपलीवाल्याच्या पाठीवर. गरिबाच्या दारात सफाई पोचली नाही म्हणून कुठला साहेब आत गेला?

१८९६ ला प्लेग आला. आजाऱ्याला जबरदस्तीनं इस्पितळात न्यायचे हुकूम सुटले आणि लवकरच ढिले करावे लागले. हलालखोर घाबरून पळाले तर मुंबईत माणूस राहू शकणार नाही, ही साहेबांची एक मोठी भीती होती. सत्तेला त्यांची ताकद ठाऊक होती, आपल्याला नव्हती.

बाबासाहेबांना होती. म्युनिसिपल कामगार संघ त्यांनी उभा केला. १९३८ च्या औद्योगिक कलहाच्या बिलावर असेंब्लीत ते हेच बोलले, की संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला गुलाम करणं. ७ नोव्हेंबरला संप झाला तो ह्याच बिलाविरुद्ध.

पुढं हलालखोर पट्टीचा मलनिःसारण कर झाला, हिशोब तोच राहिला. १९७६ ला झोपड्यांची मोजणी झाली. फोटोपास मिळाला तो नळ-संडासाचा हक्कदार, सुटला तो रुळावर. डोक्यावरून मैला वाहण्यावर १९९३ ला बंदी, २०१३ ला पुन्हा बंदी. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं २०१४ ला १० लाख ठरवले, २०२३ ला ३० लाख.

आणि मुंबईत कचरा उचलणारे २,७०० कंत्राटी कामगार कायम व्हायला २०१७ साल उजाडलं, तेही कोर्टात भांडून. तुमच्या वस्तीत झाडायला येणारा कुणाच्या हजेरीवर आहे, म्युनिसिपालटीच्या की कंत्राटदाराच्या? पुढच्या बैठकीआधी त्याला विचारा. आणि त्याला आधी पाणी द्या.