कोल्हापूरच्या वसतिगृहांचा हजेरीपट

निकालाचे दिवस आले की आमच्या गावात शाळांची चर्चा रंगते. कोणत्या शाळेचा निकाल किती टक्के लागला, पहिला कोण आला, हे आम्ही तोंडपाठ सांगतो. त्या शाळेच्या दारात मुळात कोणाकोणाची मुले उभी राहिली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या नगरीत सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजाने हा दुसरा प्रश्न आधी विचारला. त्याची हकीकत आज आपण पाहू.

शाहू छत्रपतींनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते आणि खासगी खात्यातील ५२ जणांपैकी ४५. नोकरीला शिकलेला माणूस हवा, आणि शिकलेला माणूस एकाच समाजात सापडतो, अशी ही गाठ होती. राजाराम हायस्कूलचे व कॉलेजचे दार कायद्याने सर्वांना उघडे होते. मग कुणब्याची, धनगराची, महाराची मुले तेथे का दिसत नव्हती? याचे उत्तर त्या मुलांच्या बुद्धीत शोधणारे शहाणे तेव्हा पुष्कळ होते. खरे उत्तर स्वयंपाकघरात होते.

भुदरगडच्या किंवा पन्हाळ्याच्या खेड्यातला मुलगा मराठी चार-सहा इयत्ता शिकून इंग्रजीसाठी कोल्हापुरात आला, तर त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे? ब्राह्मणाचा गरीब मुलगा वार लावून जेवत असे, माधुकरी मागत असे, नात्यातल्या कोणाच्या ओसरीवर पथारी टाकून रात्री अभ्यास करीत असे. त्या मुलांचे हाल काही थोडे नव्हते, आणि तशा हालांत शिकून पुढे आलेल्यांविषयी आम्हांला आदरच आहे. पण हाल सोसण्याची ती सोयसुद्धा शेतकऱ्याच्या पोराला नव्हती. कारण शिकलेल्यांच्या ज्या घरांत वार लागत, त्या घरांत त्याची पंगत बसत नव्हती. तेव्हा तो चार दिवस राहून गावी परत जाई, आणि शाळेच्या कागदावर त्याची नोंद गैरहजर अशी होई.

महाराजांनी पहिला उपाय केला तो सरळ माणसाने करावा तसा. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींसाठी एक वसतिगृह उघडले. चार-पाच वर्षांत त्यात ब्राह्मण विद्यार्थीच तेवढे उरले. नियम सर्वांसाठी एकच होता; परंतु प्रवेश देणारे हात, पंगत वाढणारे हात एकाच समाजाचे होते. दार नुसते उघडे ठेवल्याने माणसे आत येत नाहीत, हे महाराजांना येथे कळले असावे. १८९९ च्या सुमारास मॅट्रिक झालेल्या पांडुरंग चिमणाजी पाटील या मराठा विद्यार्थ्याशी त्यांचे बोलणे झाले. अशा मुलांच्या राहण्याजेवण्याच्या अडचणी त्यांनी समजून घेतल्या, आणि १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढच्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या समाजांसाठी राखण्याचा हुकूम सुटला. आधी राहण्याची जागा, मग नोकरीची जागा, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

मग वसतिगृहांची रांगच लागली. जैनांचे, मुसलमानांचे, लिंगायतांचे. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे शिंपी, सोनार, ख्रिस्ती, वैश्य. सगळी नावे सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

यावर एक आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. जातवार घरे बांधून महाराजांनी जातीच पक्क्या केल्या नाहीत काय? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. परंतु एकत्र घराचा प्रयोग आधी करून, तो फसल्यावरच त्यांनी ही वाट धरली, हे आक्षेपकांनी विसरू नये. शाळेच्या बाबतीत तर त्यांनी पुढे उलटच केले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. आणि १९१९ च्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला.

आता निकालाकडे वळू. या वसतिगृहांतून वकील, मामलेदार, मास्तर निघाले. पण आम्हांला आठवतो तो एक नापास विद्यार्थी. कुंभोजचा भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला, परतल्यावर स्नान करण्यास त्याने नकार दिला आणि त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे सांगतात. गणितात तर त्याची गती बेताचीच. महाराजांनी त्याच्यासाठी शब्द टाकला तेव्हा गुरुजी म्हणाले, तो ज्या बाकावर बसतो तो बाक वर घालतो, पण भाऊरावाला घालणार नाही! गुरुजींचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. गणित येत नव्हते हे खरेच होते. भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत. पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये डी. लिट. दिली ती याच भाऊरावांना.

मधल्या काळात त्यांनी काय केले? १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह उभे केले. म्हणजे १८९६ मध्ये कोल्हापुरात जे साधले नव्हते, तेच. येथे ते का साधले? आमच्या मते, मुले निवडणारा माणूस बदलला होता आणि चूल एक होती. मुले स्वतः राबत, स्वतः रांधत, एका पंगतीत जेवत. कोठीत दाणे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक करून दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले. नाव ठेवले ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.