लघवी तुंबलेल्या बोक्याचा इतिहास

एक साधा प्रश्न. तीन-चार वर्षांचा धडधाकट बोका सकाळपासून दर दहा मिनिटांनी लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय. जोर करतोय, कण्हतोय, बाहेर येऊन मागचं अंग चाटतोय, परत आत जातोय. त्याला काय झालंय? बहुतेक जण म्हणतील, "पोट साफ होत नाहीये, थोडं दूध-तूप द्या." आणि इथेच घोटाळा होतो. बोक्याच्या बाबतीत पहिली शंका लघवी तुंबल्याची घ्यायची. थेंबभर येतेय, रक्त दिसतंय, की काहीच येत नाहीये, ते बघायचं. काहीच येत नसेल तर रात्र असो की रविवार, ताबडतोब डॉक्टर. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम चढत जातं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत बोका जाऊ शकतो. उलट्या व्हायला लागल्या, कोपऱ्यात गपगार पडून राहिला, म्हणजे वेळ आधीच बरीच गेलेली असते.

आता हे असं का होतं? याचं उत्तर शोधायला माणसाला पन्नासेक वर्षं लागली, आणि त्या पन्नास वर्षांची गोष्ट मला भयंकर आवडते. एखाद्या जुन्या सिस्टममधला बग पाच टीम्सनी पाच वेळा "क्लोज" करावा आणि तो दर वेळी नव्या रूपात उघडावा, तशी ती आहे.

आधी थोडी रचना. मांजर हा मुळात वाळवंटातला प्राणी. घरच्या मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले रानमांजर. त्यामुळे तहान कमी आणि लघवी अत्यंत दाट. उंदीर खाल्ला की त्यातच सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी, वेगळं प्यायची गरज कुठे? आणि बोक्याचा मूत्रमार्ग शेवटाकडे इतका निमुळता होतो की जेमतेम एखादा मिलिमीटर उरतो. मांजरीचा आखूड आणि रुंद, म्हणून ती सहसा तुंबत नाही. म्हणजे डिझाइनमध्येच एक अरुंद जागा आहे. त्यात चिकट द्रव आणि स्फटिक यांचं बूच बसलं, किंवा नुसती सूज आली आणि तो भाग आवळला गेला, तरी खेळ खल्लास.

पण मग हा आजार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच एवढा का गाजला? माझ्या मते एक कारण अगदीच घरगुती आहे. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या गृहस्थाने शेजारणीला मांजरासाठी राखेऐवजी वाळवलेली शोषक माती दिली, आणि पुढे 'किटी लिटर' या नावाने पिशव्या भरून विकायला सुरुवात केली. मांजर घरात आलं आणि घरातच राहिलं. त्याआधी बोका कुठल्या बागेत बसून कुंथतोय हे कोण बघत होतं? लॉगिंग चालू झाल्याशिवाय एरर दिसत नाही, तसंच काहीसं. (अर्थात घरात कोंडलेल्या मांजराचा आजारही खरोखर वाढला, पण ते पुढे.) दुसरं कारण म्हणजे कोरडं खाणं. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, डब्यातलं ओलं खाद्य मागे पडलं, आणि १९५० नंतरच्या काळात यंत्रातून दाबून काढलेल्या कोरड्या गोळ्यांचा जमाना आला. त्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास. वाळवंटातल्या प्राण्याला आपण आणखी कोरडं केलं.

१९७० च्या सुमारास या सगळ्या लक्षणांना मिळून एक भारदस्त नाव पडलं, 'फेलाइन युरोलॉजिक सिंड्रोम'. नाव मिळालं की रोग कळला असं वाटायला लागतं. तिथून संशयितांची रांग सुरू झाली.

पहिला संशयित नसबंदी. लहानपणी खच्चीकरण केलं की मूत्रमार्ग वाढत नाही, अरुंद राहतो, अशी ठाम समजूत होती. १९७२ मध्ये हेरॉन यांनी प्रत्यक्ष मोजमापं घेतली आणि फरक सापडला नाही. ही समजूत मात्र अजून जिवंत आहे! दुसरा संशयित विषाणू. कॉर्नेल विद्यापीठात कॅथरीन फॅब्रिकंट यांनी या मांजरांमध्ये विषाणू शोधून काढले आणि ते टोचून आजार निर्माण केल्याचं मांडलं. बोक्यांच्या बाबतीत हा धागा पुढे ठाम उत्तरापर्यंत पोचला नाही. गंमत म्हणजे त्याच कामातून त्या कोंबड्यांच्या हर्पीसविषाणूकडे आणि त्यामुळे रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या चरबीकडे वळल्या. शोधायला गेले एक आणि सापडलं भलतंच. असो.

तिसरा संशयित सगळ्यात गाजला: स्ट्रुव्हाइट. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा हा स्फटिक. याचं नाव बोक्यांशी अजिबात संबंधित नाही. हॅम्बुर्गमध्ये सेंट निकोलाय चर्चच्या पायाच्या खोदकामात जुन्या घाणीच्या थरात हे स्फटिक सापडले, आणि १८४५ मध्ये उलेक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने त्यांना फॉन स्ट्रुव्ह यांचं नाव दिलं. तर, १९७४ मध्ये रिच आणि सहकाऱ्यांनी मांजरांना भरपूर मॅग्नेशियम घातलेलं खाणं दिलं, आणि बोके तुंबले. झालं! गुन्हेगार सापडला. खाद्य कंपन्यांनी मॅग्नेशियमची पातळी खाली आणली आणि पाकिटांवर ते मिरवायला लागल्या.

१९८५ मध्ये टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी यातली खोच दाखवली. मॅग्नेशियम कुठल्या क्षाराच्या रूपात देता यावर सगळं अवलंबून. मॅग्नेशियम ऑक्साइडने लघवी अल्कधर्मी होते आणि स्फटिक बनतात. तेवढंच मॅग्नेशियम क्लोराइडच्या रूपात दिलं तर लघवी आम्लधर्मी राहते आणि स्फटिक बनत नाहीत. म्हणजे दोष नुसत्या मॅग्नेशियमचा नव्हता, लघवीच्या पीएचचाही होता. मग काय, सगळ्यांनी खाण्यात आम्लता वाढवणारे पदार्थ घालायला सुरुवात केली.

आणि इथे रिग्रेशन झालं. मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑस्बोर्न यांनी १९८१ मध्ये मूतखडे तपासणारं केंद्र सुरू केलं होतं. खडे तिथे येत, मोजले जात, नोंदले जात. सुरुवातीला मांजरांच्या खड्यांत स्ट्रुव्हाइट सुमारे ७८ टक्के आणि कॅल्शियम ऑक्झलेट जेमतेम २ टक्के. आम्लधर्मी खाणं सगळीकडे पसरल्यावर १९९० च्या दशकात ऑक्झलेट वाढत वाढत स्ट्रुव्हाइटच्या पुढे गेलं. आणि स्ट्रुव्हाइट खास खाण्याने विरघळतो, ऑक्झलेट विरघळत नाही, तो कापूनच काढावा लागतो! पुढे कंपन्यांनी पुन्हा खाणं बदललं आणि २००० नंतर पारडं परत फिरलं. एवढी वर्षं शिस्तीत डेटा साठवला नसता तर हे कुणाला कळलंही नसतं. माझ्या लेखी या गोष्टीतला खरा हीरो ते कंटाळवाणं रजिस्टरच.

याच ऑस्बोर्न यांनी १९८४ मध्ये आणखी एक काम केलं. ते म्हणाले, हे एक नाव घातक आहे. खडे, बूच, जंतू, काहीच न सापडणं, या वेगवेगळ्या गोष्टींना एकाच लेबलखाली कोंबलं की शोध थांबतो. हळूहळू जुनं नाव मागे पडलं. आणि मग नीट वेगळं करून बघितल्यावर चक्रावून टाकणारी गोष्ट समोर आली: तरुण मांजरांतल्या अर्ध्याहून अधिक केसेसमध्ये खडा नाही, आणि जंतू तर फारच थोड्या जणांत. तरी वर्षानुवर्षं अँटिबायोटिक्स दिली जात होती. मूत्राशय सुजलेलं, रक्त येतंय, कारण काहीच नाही.

बफिंग्टन आता ओहायो स्टेट विद्यापीठात होते. त्यांना हे चित्र ओळखीचं वाटलं, कारण माणसांतही, विशेषतः बायकांमध्ये, मूत्राशयाचा असाच एक दुखरा आजार आहे, ज्यात तपासण्यांत काही सापडत नाही आणि "तुमच्या मनाचे खेळ" असं ऐकून घ्यावं लागतं. त्यांच्या गटाच्या अभ्यासातून दिसलं की या मांजरांची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणाच वेगळी वागते, मूत्राशय हे फक्त ठिणगी पडायचं ठिकाण. २००६ मध्ये त्यांनी घरातलं वातावरण बदलायचा उपाय तपासला: लपायला जागा, चढायला उंची, खेळ, ठरलेल्या वेळा, स्वच्छ आणि पुरेसे लिटर बॉक्स. मांजरं बरीच सुधारली. २०११ च्या अभ्यासात तर निरोगी मांजरांचीही दिनचर्या बिघडवल्यावर ती उलट्या करायला, खाणं टाकायला, बॉक्सबाहेर घाण करायला लागली. म्हणजे ज्याला आपण "मुद्दाम खुन्नस काढतो" म्हणतो ते आजाराचं लक्षण असू शकतं. केवळ गादीवर मुततो म्हणून कित्येक बोके घराबाहेर काढले गेलेत, कित्येकांना कायमचं झोपवलं गेलंय. भाड्याचा फ्लॅट, दर अकरा महिन्यांनी शिफ्टिंग, मालक बारा तास ऑफिसात, दिवसभर कोरड्या गोळ्यांचा वाडगा... आपल्यापैकी किती जणांकडे असा बोका आहे ते तुम्हीच मोजा. ओलं खाणं आणि जास्त पाणी हा त्यातला सगळ्यात सोपा बदल.

तुंबलेल्याचं काय? भूल देऊन नळी घालणं, सलाईन, काही दिवस दवाखान्यात, हाच आजही मुख्य उपचार. पुन्हा पुन्हा तुंबणाऱ्यांसाठी १९७१ मध्ये विल्सन आणि हॅरिसन यांनी शस्त्रक्रिया मांडली, अरुंद टोक काढून आतला रुंद भाग बाहेर उघडायचा. हे सगळं महागडं, आणि पैसे नाहीत म्हणून दयामरण हा प्रकार तिकडेही सर्रास. म्हणून २०१० मध्ये ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी एक वेगळा प्रयोग छापला. ज्यांच्या मालकांना नेहमीचा उपचार परवडत नव्हता आणि ज्यांची प्रकृती अगदी ढासळलेली नव्हती, असे १५ बोके. नळी नाही. वेदनाशामक, शांत करणारी औषधं, सुईने मूत्राशय रिकामं करणं, आणि एक अंधारी शांत खोली. १५ पैकी ११ बोके तीन दिवसांच्या आत आपणहून मोकळे झाले आणि घरी गेले. चौघांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. अर्थात हे दवाखान्यातलं काम आहे, घरच्या अंधाऱ्या खोलीतलं नव्हे.