युरोप जिंकलं, पण ऑलिम्पिकचं दार बंद

आज राजकारण नाही. भावा-बहिणीची गोष्ट सांगतो. अँजेलिका आणि एरिक बुक. गाव राव्हेन्सबुर्ग, त्या वेळच्या पश्चिम जर्मनीच्या पार दक्षिणेला. खेळ, आइस डान्स.

आपल्याला बर्फ दिसतो तो रसवंतीवर, त्यामुळे थोडं सांगावं लागेल. जोडीनं स्केटिंग करायचे दोन प्रकार. एकात पुरुष जोडीदारणीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. दुसरा आइस डान्स. इथं डोक्यावर उचलायचं नाही, फेकायचंही नाही. दोघांनी जवळ राहून पायांचं काम दाखवायचं. त्या काळी ठरावीक नाच सगळ्याच जोड्यांना करावे लागत, तीच पावलं, तोच ताल. म्हणजे कुणाचे पाय किती पक्के, ते लगेच उघडं पडायचं.

बुक भावंडांची प्रशिक्षक होती बेटी कॅलवे, इंग्लंडची. हीच बाई पुढे टॉरविल आणि डीनला घेऊन १९८४ ला सारायेव्होत सुवर्णपदकापर्यंत गेली. पण ते नंतरचं.

बुक भावंडांच्या काळात समोर भिंत होती ती सोव्हिएत जोडीची, ल्युडमिला पाखोमोव्हा आणि अलेक्झांडर गोर्शकोव्ह. १९७० ते १९७६ या सात वर्षांत युरोपचं विजेतेपद सहा वेळा त्यांनी नेलं. मधलं एकच वर्ष सुटलं, १९७२. त्या जानेवारीत स्वीडनच्या गोथेनबर्गला बुक भावंडांनी त्यांना हरवलं. जर्मनीच्या वाट्याला आइस डान्समधलं युरोपचं सुवर्ण आजवर तेवढं एकदाच आलंय.

आणि लगेच फेब्रुवारीत जपानमध्ये साप्पोरोचं हिवाळी ऑलिम्पिक. एकेरीवाले गेले, डोक्यावर उचलणाऱ्या जोड्या गेल्या. युरोपचे हे ताजे विजेते नाहीत. कारण आइस डान्स ऑलिम्पिकमध्ये नव्हताच! जागतिक स्पर्धेत १९५२ पासून होता, पण ऑलिम्पिकमध्ये १९६८ ला ग्रेनोबलला नुसतं प्रात्यक्षिक करून घेतलं होतं. आपल्या खो-खोवाल्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको.

मार्चमध्ये कॅलगरीच्या जागतिक स्पर्धेत पाखोमोव्हा-गोर्शकोव्हनं हिशोब चुकता केला. बुक दुसरे. १९७१ लाही दुसरे, १९७३ लाही दुसरे. त्यानंतर दोघं स्पर्धेतून बाहेर पडले. १९७६ ला इन्सब्रुकमध्ये आइस डान्सला पहिल्यांदा ऑलिम्पिक पदक मिळालं. सुवर्ण कुणाला, ते सांगायला हवं का?

मी क्रीडा पान लावतो, तेव्हा दुसऱ्या नंबरवाल्याला बातमीत अर्धी ओळ देतो. खोटं कशाला बोलू. बुक भावंडांनाही तेवढीच दिली असती.

पण जाता जाता त्यांनी कॅलवेबाईंबरोबर एक नाच बांधला होता, वॉल्ट्झच्या तीन ठोक्यांच्या तालावर. नाव दिलं स्वतःच्या गावाचं, राव्हेन्सबुर्गर वॉल्ट्झ. तो पुढे ठरावीक नाचांच्या अधिकृत यादीत गेला. म्हणजे जगभरच्या जोड्यांना, सोव्हिएत धरून, या दोघांची पावलं घोटावी लागली. २०१० ला ठरावीक नाचांची स्वतंत्र फेरी बंद झाली, तरी त्यांचे तुकडे शॉर्ट डान्समध्ये राहिले. २०१५-१६ च्या हंगामात वरिष्ठ गटासाठी राव्हेन्सबुर्गरच नेमला होता. त्या वर्षी बॉस्टनला जगज्जेते झालेले पापाडाकिस आणि सिझेरॉन, फ्रान्सचे, तेसुद्धा तीच पावलं टाकत बर्फावरून गेले.