उसन्या चरणाचा खेळ

वात्स्यायनाच्या कामसूत्राचे नाव काढले की लोकांचे लक्ष भलतीकडे जाते. परंतु त्याच ग्रंथात प्राचीन नागरकाच्या दिनचर्येचे मार्मिक वर्णन आहे. विद्या, बुद्धी, शील, वित्त आणि वय यांनी बरोबरीची असलेली मंडळी सभेत, गणिकेच्या घरी किंवा आपल्यांतीलच एखाद्याकडे जमत आणि काव्यसमस्यांत रमत. एकाने श्लोकाचा एक चरण टाकावयाचा, शक्यतो निरर्थक किंवा अशक्य वाटणारा. इतरांनी उरलेले तीन रचून त्याला अर्थ आणून द्यावयाचा. चौसष्ट कलांत या खेळाची गणना आहे. जेथे परपीडा चालते त्या गोष्ठीकडे शहाण्याने फिरकू नये, असेही वात्स्यायन बजावतो. तेव्हा थट्टा कधी कधी बोचतही असावी.

समस्या जितकी वेडगळ तितकी गंमत अधिक. एका प्रसिद्ध समस्येत ‘ठ’ या एका वर्णावाचून दुसरे काहीच नाही. परंपरेने कालिदासाच्या नावावर घातलेल्या पूर्तीत तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटतो आणि पायऱ्यांवरून गडगडत जातो. तो ‘ठ’कार त्या घड्याचा! पुढे हा खेळ राजसभेत गेला, बक्षिसे आली, आणि मित्रांच्या करमणुकीची परीक्षा झाली. त्यात खेळाचे नुकसानच झाले, असे म्हणावे लागते.

या खेळाची परिसीमा जैन यती जिनसेनाने गाठली. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष (इ. स. 814–878) याचा हा गुरू. त्याने एखादा चरण नव्हे, तर सबंध मेघदूतच समस्या म्हणून घेतले. ‘पार्श्वाभ्युदय’ या त्याच्या काव्याच्या प्रत्येक श्लोकात मेघदूताचा एक किंवा दोन चरण गुंफलेले आहेत. कालिदासाचा यक्ष विरहाने व्याकूळ. जिनसेनाचा यक्ष म्हणजे ध्यानस्थ पार्श्वनाथांना छळणारा पूर्वजन्मीचा वैरी. शब्द तेच, पण शृंगाराचे वैराग्य झाले.

या काव्याचा टीकाकार योगिराज एक बहारीची कथा सांगतो. कालिदास अमोघवर्षाच्या सभेत मेघदूत वाचून दाखवितो. एकदा ऐकलेले न विसरणारा जिनसेन म्हणतो, ‘हे तर जुन्या काव्यातून चोरलेले आहे!’ ते जुने काव्य दाखवा म्हटल्यावर तो आठ दिवसांची मुदत मागतो आणि तेवढ्यात ‘पार्श्वाभ्युदय’ रचून आणतो. कथा अर्थातच खोटी; दोघांत काही शतकांचे अंतर आहे. ग्रंथाच्या शेवटी जिनसेन स्वतः एवढेच सांगतो, की विनयसेन या आपल्या गुरुबंधूच्या प्रेरणेवरून हे काव्य रचले. म्हणजे येथेही मूळ आग्रह स्नेह्याचाच.

दिलेल्या चरणाचे एक अक्षरही बदलावयाचे नाही, हा समस्यापूर्तीचा नियम. त्यामुळे जिनसेनाला ठाऊक असलेले मेघदूत त्याच्या काव्यात जसेच्या तसे राहिले. मेघदूतावरील उपलब्ध टीकांत सर्वांत जुनी, काश्मिरी वल्लभदेवाची टीका दहाव्या शतकातील. हा पाठ तिच्याही आधीचा. काशिनाथ बापू पाठक यांनी 1894 साली पुण्यात मेघदूताची आवृत्ती काढली, ती याच काव्यातून एकेक चरण वेचून.