दम : श्वासाचा आणि चुलीवरचा

'दम बिर्याणी', 'दम आलू' हे शब्द आता सर्वांच्याच तोंडी आहेत. त्यातल्या 'दम'चा अर्थ आम्ही वर्गात विचारला की मुले 'ताकद' असे सांगतात. मूळ फारसीत दम म्हणजे श्वास. भांड्याचे तोंड कणकेने लिंपायचे, मंद निखारे खाली आणि थोडे झाकणावर ठेवायचे. कोंडलेली वाफ पदार्थातच परत मुरते. पदार्थ जणू स्वतःच्या श्वासावर शिजतो. इराणात चहा मुरवण्यालाही 'दम करणे' म्हणतात.

या पद्धतीचा जन्म लखनौचा, असे सांगितले जाते. 1784च्या दुष्काळात नवाब आसफुद्दौलाने मोठा इमामबाडा बांधायला घेतला, मजुरांसाठी देगा चढल्या आणि तिथे दम सापडला, अशी ही कथा. कथा गोड आहे. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त 'दमपुख्त' आहेच. 10 शेर मांसाला 2 शेर तूप, 1 शेर कांदा, शिवाय आले, मिरी, लवंग, वेलची. त्यात तांदूळ नाही. म्हणजे लखनौने दमाला कीर्ती दिली, जन्म नव्हे. आणि दम म्हणजे बिर्याणीच, हेही खरे नाही.

हाच दम मराठीत किती रुळला पाहा! आपण दम धरतो, दम घेतो, कुणाला दम देतो. जिना चढून दम लागतो. 'शम-दम' यातला दम मात्र संस्कृत, अर्थ संयम. 'दमपुख्त'मधला 'पुख्त' म्हणजे शिजलेला. त्याच घराण्यातला 'पुख्ता' मराठीत 'पोक्त' झाला. शिजलेल्या अन्नाचा शब्द आपण जाणत्या माणसाला दिला.

माधव ज्यूलियन यांनी 1925 साली 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला. पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. वाद विद्वानांत चालत राहिला. माजघरात कुणी दमाला प्रतिशब्द शोधला नाही.

उर्दू शाळेतली आमची मुले मराठीच्या धड्यात 'पोक्त'पाशी अडखळतात. हा तुमच्या घरच्या 'पुख्ता'चाच भाऊ, असे सांगितले की चेहरे खुलतात. मराठी ही दुसऱ्यांची भाषा आहे, असे मनात घेऊन बसलेल्या मुलाला एवढी ओळख पुरते. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांनाही ती करून द्यायला हवी. शब्द दोघांच्याही घरात आधीपासून आहेत. ते दाखवणे आम्हा शिक्षकांचे काम.