वीज, बिजली आणि बर्क

आपण ‘बिजली’ म्हटले की ‘हा तुमच्यातला शब्द’ असे ऐकवणारे अजून भेटतात. संस्कृत ‘विद्युत्’चे प्राकृतात ‘विज्जु’ झाले. त्यातूनच मराठीत वीज आली आणि हिंदी-उर्दूत बिजली. म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणी! अरबीतून आला तो शब्द वेगळा, ‘बर्क’. बुराक हे नावही त्याच धातूशी जोडले जाते. सूरह अर-रअदमध्ये (१३:१२) विजेच्या ठायी भय आणि आशा दोन्ही सांगितल्या आहेत. मृगाची वाट पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तारेतून वीज वाहू लागली तेव्हा मोठी गंमत झाली. इराणने तिला अरबी ‘बर्क’ हे नाव दिले. अरबांनी मात्र फारसी ‘काहरुबा’ उचलला. काहरुबा म्हणजे काडी ओढून घेणारा. ज्या पिवळ्या राळेचे तस्बीहचे मणी करतात, ती घासली की गवताची काडी ओढते. त्याचा अरबीत ‘कहरबा’ झाला. टपालातल्या तारेला ते ‘बर्किया’ म्हणू लागले. या देवघेवीत कुणाची भाषा बाटली नाही. मराठीने आकाशातलेच नाव ठेवले; १९०७ साली मुंबईची ट्राम धावू लागली ती ‘विजेवर’. घरात मात्र आपली ‘लाईट’ जाते.

बोलीत बहिणींनी कामे वाटून घेतली आहेत. संकट आले की वीज कोसळते, रूप पाहून काळजावर गिरते ती बिजली. तालमीतही तिचाच मान. सांगलीचे पैलवान, पुढे आमदार झालेले संभाजी पवार ‘बिजलीमल्ल’ म्हणूनच ओळखले गेले. ‘वीजमल्ल’ म्हणावे असे कुणालाही सुचले नाही.